ताडोबा पहिल्यांदा बघताय? आधी गेट ठरवा, मग खोली

गेल्या वर्षी मावसभावाचा पुण्याहून फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "दादा, सगळं बुक झालं बघ. कोलाऱ्याला मस्त रिसॉर्ट मिळालंय, पोहायला टाकी आहे. आणि सफारी मोहर्लीच्या मिळाल्या, दोन्ही सकाळच्या."

मी कपाळाला हात लावला. नकाशावर कोलारा आणि मोहर्ली ही एकाच जंगलाची दोन दारं दिसतात. पण या दारातून त्या दाराला जायचं तर जंगलातून जाता येत नाही, बाहेरून वळसा घालावा लागतो आणि त्यात दोन-अडीच तास सहज मोडतात. उजाडायच्या आत गेटवर हजर राहायचं, म्हणजे रात्री अडीचला उठणं आलं. बिचाऱ्यांनी दोन्ही दिवस ते केलं. दुसऱ्या दिवशी वाघ दिसला, तेव्हा दोन्ही पोरं जिप्सीत गाढ झोपली होती.

मी चंद्रपूरचा. हिवाळा सरत आला की आमच्याकडे कोणी ना कोणी ताडोब्यासाठी उतरतंच, आणि तेच तेच फोनवर सांगून माझं आता पाठांतर झालंय. ते एकदा लिहून काढतो. माझा हिशेब साधा आहे: तीन सफाऱ्या, आणि दोन सकाळी चंद्रपूर शहराला. शहर बहुतेक लोक गाडीच्या काचेतून बघतात आणि "धूळ फार आहे हो" म्हणून निघून जातात. धूळ आहेच. पण धुळीमागे गोंड राजांचा परकोटही आहे.

महिना आणि वार

दोन गोष्टी डोक्यात पक्क्या करा. ताडोब्याचा कोअर, म्हणजे जंगलाचा मधला गाभा, १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतो. आणि मंगळवारी कोअरची सफारी नसते. मुंबईची मंडळी सोमवार-मंगळवारची स्वस्त खोली बघून भुलतात आणि इथे आल्यावर मंगळवारी खोलीत बसून राहतात. पावसाळ्यात बफरची, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्याची, काही गेटं चालू असतात, पण पहिल्या भेटीसाठी मी ते सुचवणार नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात जंगल हिरवंगार, गवत माणसाच्या कंबरेइतकं. डोळ्यांना गारवा, पण त्या गवतात दहा फुटांवर वाघ बसला तरी पत्ता लागत नाही. डिसेंबर-जानेवारीची सकाळ उघड्या जिप्सीत इतकी बोचते की पुण्याच्या थंडीत वापरलेलं स्वेटर इथे हसं करतं. एप्रिल-मेमध्ये पाणी आटतं, जनावरं पाणवठ्यांवर येतात, वाघ दिसण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पण मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, कधी ४७ ला टेकतो. दुपारच्या जिप्सीत लोखंडी दांड्याला हात लावला की चटका बसतो. लहान मुलं आणि सासूबाई बरोबर असतील तर हा हट्ट करू नका.

माझं मत विचाराल तर फेब्रुवारीचा उत्तरार्ध आणि मार्च. पळस पेटलेला असतो, सागाची पानं गळून जंगल आरपार दिसायला लागलेलं असतं, आणि मार्च सरता सरता मोह टपकायला लागतो. त्या मोहाबद्दल पुढे सांगतो.

गेट, आणि मगच खोली

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प म्हणजे मधोमध सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा कोअर आणि त्याच्या भोवती अकराशेच्या आसपास चौरस किलोमीटरचं बफर. कोअरला सहा गेटं आहेत: मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी. चंद्रपूरला उतरणाऱ्यांना मोहर्ली सोयीचं, साधारण तीस किलोमीटर. नागपूरहून थेट गाडीने येणाऱ्यांनी चिमूरकडून कोलारा किंवा नवेगाव धरावं. कोणत्या गेटला वाघ जास्त दिसतो, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. आज ज्या गेटचं नाव निघतं, ते सहा महिन्यांनी मागे पडतं. एखादी वाघीण पिल्लं घेऊन जागा बदलते आणि सगळा हिशेब फिरतो. तुम्ही कुठून येताय आणि कुठे राहणार, यावरून गेट ठरवा.

बफर म्हणजे दुय्यम माल, हा समज पुण्या-मुंबईकडे घट्ट बसलाय. तो सोडा. आगरझरी, देवाडा, जुनोना ही चंद्रपूरकडची बफर गेटं आहेत. परवाना कोअरपेक्षा लवकर मिळतो आणि पैसेही कमी पडतात. जुनोन्याचं तळं तर गोंडकालीन. आगरझरीला फुलपाखरांचं उद्यान आहे, आणि इरई धरणाच्या पाण्यापलीकडे औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. हे धरण बांधलंच मुळात त्या वीज केंद्राला पाणी मिळावं म्हणून. एका बाजूला चितळांचा कळप आणि दुसऱ्या बाजूला धूर. पाहुण्यांना ते खुपतं, आम्हाला सवय आहे. आमच्याकडे वीज केंद्राच्या आवारातसुद्धा वाघ फिरून गेलेत.

पहिली सफारी बफरची घ्या, तीही दुपारची. डोळे तयार व्हायला एक फेरी लागतेच, ती महागड्या कोअर सफारीत कशाला वाया घालवायची?

परवाना काढताना

बुकिंग वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. मिळतीजुळती नावं घेतलेली खासगी संकेतस्थळं बरीच आहेत. ती जास्त पैसे घेतात आणि कधी कधी परवाना निघतच नाही. शनिवार-रविवार आणि सुट्ट्यांचे दर जास्त, आणि त्या जागा खूप आधी संपतात. दिवाळी, नाताळ, होळीला यायचं तर काही महिने आधी हालचाल हवी. ऐनवेळी तत्काळचा कोटा असतो, पण त्याच्या भरवशावर चार जणांची रेल्वे तिकिटं काढू नका.

पैसे गाडीमागे लागतात, माणसामागे नाही. एका जिप्सीत सहा पर्यटक, शिवाय गाईड आणि चालक. दोघेच गेलात तरी पूर्ण गाडीचे पैसे. म्हणून ओळखीतलं एखादं कुटुंब जोडून घ्या. मात्र नावं बुकिंगच्या वेळीच पक्की लागतात. ज्याचं नाव परवान्यावर, तोच आत. ओळखपत्र मूळ हवं, बुकिंगला ज्याचा क्रमांक दिला तेच. गेटवर मोबाईलमधला फोटो दाखवून हुज्जत घालणारे मी दर हंगामात बघतो. त्यांच्यामुळे मागच्या सगळ्या गाड्या खोळंबतात, आणि सकाळची पहिली वीस मिनिटं सोन्याची असतात.

मोठ्या लेन्सच्या कॅमेऱ्याला वेगळं शुल्क पडतं, तेही धरून ठेवा.

पोहोचायचं कसं

विमानतळ नागपूरला, तिथून चंद्रपूर सुमारे दीडशे किलोमीटर, रस्ता चांगला. रेल्वेने दिल्ली-चेन्नई मार्गावर बल्लारशाहच्या थोडं आधी चंद्रपूर लागतं. मुंबईहून थेट गाड्या मोजक्याच, नंदीग्राम एक्सप्रेस त्यातली एक, पण ती मराठवाडा फिरवून आणते. वेळ कमी असेल तर नागपूर किंवा सेवाग्रामला उतरून पुढे या.

आलात त्याच दिवशी सफारी ठेवू नका. गाडी तीन तास उशिरा आली म्हणून परवान्याची वेळ सरकत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. माझी आखणी अशी: पहिल्या दिवशी नुसतं पोहोचा, जेवा, झोपा. दुसऱ्या दिवशी सकाळी शहर, दुपारी बफर, आणि रात्री मुक्काम मोहर्लीकडे हलवा. तिसऱ्या दिवशी सकाळ-दुपार दोन्ही कोअर. चौथ्या दिवशी सकाळी उरलेलं शहर आणि परतीची गाडी. शहर दोन सकाळींत वाटलंय, कारण अकरानंतर परकोटाचा दगड तापतो आणि चालणं नकोसं होतं.

सोबत काय

मातकट, खाकी, फिके हिरवे कपडे. लाल-पिवळे नकोत, अत्तर तर मुळीच नको. डोक्याला आणि तोंडाला बांधायला मोठा सुती रुमाल किंवा पंचा घ्या. पुढच्या गाडीची धूळ सगळी तुमच्यावर येते, आणि शेवटच्या रांगेत बसणाऱ्याच्या भुवया पांढऱ्या होतात. थंडीत कानटोपी, हातमोजे आणि खोलीवरची चादरसुद्धा चालेल, लाजू नका. दुर्बीण एक तरी हवीच. पाणी भरपूर, प्लास्टिकच्या पिशव्या अजिबात नाहीत.

मोबाईल आत नेता येत नाही. आधी नेता यायचा. मग वाघ अमुक ठिकाणी बसलाय असा निरोप गेला की पंधरा गाड्या धुरळा उडवत तिथे जमायच्या. आता मनगटी घड्याळ घाला, वेळ बघायची सवय मोडत नाही.

आणि गेटवर जायच्या आधी खोलीवरच निपटून घ्या. आत वाटेल तिथे उतरता येत नाही, ठरलेल्या जागीच पाय खाली टेकवायचा.

जिप्सीत बसल्यावर

सुरुवातीलाच गाईडला सांगून टाका: "आमची पहिली वेळ आहे, वाघाची घाई नाही, जंगल दाखवा." या एका वाक्याने सफारी बदलते. नाहीतर गाईड आणि चालक दोघांच्याही मानेवर वाघाचं ओझं असतं. मग गाडी या पाणवठ्यावरून त्या पाणवठ्यावर नुसती पळत राहते आणि तुम्ही दांडा धरून बसता. गाईड आसपासच्या गावांतले असतात, बायकाही आहेत. कोअरमधली नवेगाव, जामणी ही गावं उठवून बाहेर वसवली गेली. जामणीचं आजचं कुरण, जिथे चितळांचे कळप चरतात, ती कोणाची तरी शेतं होती. नवेगाव गेटच्या एका गाईडने मला एकदा बोट दाखवून सांगितलं होतं, "तिकडं आमचं घर होतं नं भाऊ." त्या दिवशी वाघ दिसला की नाही, हे मला आता आठवत नाही.

जंगल वाचायचं ते कानाने. गाडी थांबली, इंजिन बंद झालं, की बोलणं बंद. थोड्या वेळाने तापलेल्या इंजिनाची टिकटिक ऐकू येते, मग सागाच्या वाळक्या पानावर काहीतरी चालल्याचा आवाज. निम्म्या वेळा तो सातभाई पक्षी असतो, पण एवढासा पक्षी वाळक्या पानांत केवढा आवाज करतो, हे कळायलाही एक सफारी लागते.

मग 'कॉल'. हा शब्द दिवसभर ऐकाल. चितळ धोका दिसला की बारीक, कर्कश ओरडतं, पण चितळ घाबरट, रानकुत्र्यालाही ओरडेल, बिबट्यालाही, कधी नुसत्या सळसळीलाही. झाडावरचं वानर खकारलं तर जास्त लक्ष द्या, ते वरून बघून बोलतंय. आणि सांबर बोललं तर श्वास रोखा. सांबराचा आवाज मोठा आणि घुमणारा, रिकामा डबा आपटल्यासारखा. ते उगाच बोलत नाही. पुढचा पाय जमिनीवर आपटतं, शेपूट ताठ उभी, आणि तोंड ज्या दिशेला, तिकडे बघा. नवखे लोक सांबराकडेच बघत बसतात.

दोन वर्षांपूर्वी मार्चअखेरीस सकाळच्या सफारीत असंच झालं. सांबर दोनदा बोललं. आमच्या गाईडताईंनी हात वर केला, चालकाने इंजिन बंद केलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. माझ्या बायकोची बहीण कुजबुजली, "गेला वाटतं." ताई वळूनही न बघता म्हणाल्या, "थांबा नं ताई, कायले घाई करता." शेजारच्या दोन जिप्स्या कंटाळून निघून गेल्या. चाळीस मिनिटं आम्ही तिथेच. वाघ काही आला नाही. पण डावीकडच्या मोहाखाली झुडूप हललं आणि अस्वल बाहेर आलं. खाली पडलेली फुलं ओठांनी एकेक टिपत ते झाडाभोवती फिरलं. मध्येच मागच्या पायांवर उभं राहून नाक वर करून हवा हुंगली, आमच्याकडे दुर्लक्ष केलं आणि पुन्हा खाली. टिपलेल्या प्रत्येक फुलाचा चट् असा आवाज येत होता, इतकं जवळ होतं.

याच दिवसांत बाहेरच्या गावांतले लोकही पहाटे मोह वेचायला रानात जातात, वाकून, टोपली घेऊन, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात माणसं जातात, दरवर्षी जातात. गावात चहाला थांबलात आणि कोणी वाघाबद्दल चिडून बोललं, तर "वाघ वाचले पाहिजेत" वगैरे सुरू करू नका. ऐकून घ्या.

मोहर्लीकडून ताडोबा तलावाला जाताना रस्त्याच्या कडेने उंच खांब दिसतील. गोंड राजांच्या काळातले. राजाची स्वारी निघाली की या खांबांमधून ओवलेल्या दोरावरच्या घंटा वाजवून पुढे वर्दी द्यायचे, असं गाईड सांगतात. तलावाकाठी तारू देवाचं ठाणं आहे. तारू हा गावचा प्रमुख वाघाशी झुंजताना गेला आणि देव झाला. त्याच्याच नावावरून ताडोबा. पौष महिन्यात आदिवासी भाविक तिथे येतात. तलावात मगरी आहेत. उन्हाळ्यात याच भागात नवरंग पक्षी शीळ घालतो. पक्ष्यांचा नाद असेल तर मे महिन्याची भट्टीही सोसवेल.

वाघ दिसलाच तर उभे राहू नका, चालकाला "अजून पुढे घे" म्हणू नका. त्याच्या चालण्याच्या वाटेवर गाडी आडवी आली की तो वळून जातो, आणि मागच्या गाड्यांनाही दिसत नाही. गाईडचं मानधन ठरलेलं असतं. वर काही द्यायचं असेल तर वाघ दिसल्याबद्दल देऊ नका, चांगलं दाखवल्याबद्दल द्या. वाघामागे बक्षीस लावायची सवय पर्यटकांनीच लावली.

आता शहर

सकाळी सातला जटपुरा गेटपासून सुरू करा. आधी कोपऱ्यावर तर्री पोहे किंवा आलुबोंडा खा. तर्री तिखट असते, पोरांसाठी "वेगळी द्या" म्हणून सांगा. जटपुऱ्याच्या दारातून आजही गाड्या, सायकली, शाळेच्या रिक्षा जातात, त्यामुळे उभं राहून नीट बघायचं तर हीच वेळ.

चंद्रपूर, म्हणजे जुनं चांदा. गोष्ट अशी सांगतात की खांडक्या बल्लाळशाह राजाच्या अंगावर फोड होते. झरपट नदीच्या डोहातल्या पाण्याने ते बरे झाले, तिथे अंचलेश्वराचं देऊळ उभं राहिलं. पुढे एकदा शिकारीत कपाळावर पांढरा चांद असलेला ससा राजाच्या कुत्र्याच्याच मागे लागला. राणी म्हणाली, जिथे ससा कुत्र्याला पळवतो ती जागा साधी नव्हे, त्यांच्या धावेच्या रेषेवर कोट बांधा. तो हा परकोट, सुमारे अकरा किलोमीटरचा, आणि ससा सरळ धावत नाही हे भिंतीची वळणं बघून पटतं. चार दरवाजे: जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा. शिवाय पाच खिडक्या, म्हणजे छोटे दरवाजे: बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसाण. दरवाज्यांवर हत्तीला नमवणाऱ्या सिंहाचं शिल्प बघा, ती गोंड राजांची खूण. १७५१ मध्ये गोंडांचं राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलं, १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा लावल्या, तरी भिंत बरीचशी टिकून आहे.

आमच्या लहानपणी ही भिंत म्हणजे काटेरी झुडपं आणि उकिरडा. २०१७ पासून इको-प्रो या इथल्या संस्थेच्या कार्यकर्त्यांनी ती स्वतःच्या हातांनी साफ केली, म्हणून आज बुरुजांवरून चालता येतं. बगड खिडकीकडून वर चढा, एका बाजूला कौलारू घरं आणि दुसऱ्या बाजूला मोकळं रान. भिंतीवर कपडे वाळत घातलेले दिसतील, त्यांचे फोटो काढताना घरच्या माणसांना विचारा.

दुसऱ्या सकाळी अंचलेश्वर दरवाजा. देवळाशेजारीच गोंड राजांच्या समाध्या. त्यातली बीरशाहची मोठी समाधी राणी हिराईने बांधवली. नवऱ्यासाठी एवढी देखणी समाधी बायकोने उभी करावी, असं फार ठिकाणी बघायला मिळत नाही. तिनेच उभारलेलं महाकाली मंदिर झरपटेपलीकडे, चालत जाण्याजोगं. चैत्रात तिथे मोठी यात्रा भरते, मराठवाडा आणि तेलंगणातून भाविक येतात, त्या आठवड्यात शहरात खोली मिळणं कठीण. ज्यांना १८५७ मध्ये रस आहे त्यांनी इंग्रजांविरुद्ध लढलेल्या बाबूराव शेडमाके यांचं नाव लक्षात ठेवावं: २१ ऑक्टोबर १८५८ ला त्यांना इथल्या कारागृहाच्या आवारातल्या पिंपळावर फाशी दिली.

गाडीला वेळ असेल तर लालपेठ-भिवापूरकडे उघड्यावर पडलेल्या अजस्र दगडी मूर्ती बघून या. रायप्पा नावाच्या वैश्याने देऊळ बांधायला घेतलं आणि ते अर्धवट राहिलं, मूर्ती तशाच आडव्या राहिल्या. दहा तोंडांची जी सगळ्यात मोठी आहे, तिला कोणी रावण म्हणतं, कोणी दशमुखी दुर्गा. शेजारी पोरं क्रिकेट खेळत असतात आणि चेंडू अधूनमधून मूर्तीवर आदळतो. रिक्षा करताना जाण्या-येण्याचं भाडं आधीच ठरवून घ्या आणि रिक्षा थांबवून ठेवा, तिकडून परत यायला रिकामी रिक्षा मिळत नाही.